बोटीची डिझेल इंजिनं हिवाळ्यासाठी बंद करून ठेवताना

बोटीचं डिझेल इंजिन चालवून जितकं झिजतं, त्याहून जास्त ते नुसतं उभं राहून खराब होतं. चालत्या इंजिनात ऑइल फिरत असतं, उष्णतेने ओल उडून जाते, टाकीतलं डिझेल बदलत राहतं. चार-सहा महिने उभ्या असलेल्या इंजिनात यातलं काहीच घडत नाही. त्यात पारा शून्याखाली उतरत असेल तर गोठण्याची भर पडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि त्या फुगण्यापुढे बिडाचा ब्लॉक, पितळी पंप, हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनातला कूलंट थंड करणारा भाग) नळ्या, कशाचाच टिकाव लागत नाही. खारं पाणी गोठत नाही असं समजून काही जण निर्धास्त राहतात; पण समुद्राचं पाणीही उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं आणि खाडीचं निमखारं पाणी त्याच्याही आधी.

थंडीच्या धास्तीने बहुतेक जण अँटीफ्रीझवरच (पाणी गोठू न देणारं द्रव्य) सगळं लक्ष लावतात आणि बाकीचं राहून जातं. मी या कामाकडे एकाच प्रश्नातून बघतो: इंजिनात आणि इंजिनाभोवती पाणी कुठे कुठे आहे आणि ते तिथून कसं काढता येईल? कूलिंगमधलं पाणी सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाणी डिझेलच्या टाकीच्या तळाशी असतं, जुन्या ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, एक्झॉस्टच्या वॉटरलॉकमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात परत जाऊ न देणाऱ्या डब्यात, साठलेलं असतं, झडपांच्या पोटात अडकलेलं असतं आणि उघड्या एक्झॉस्टमधून आत शिरणाऱ्या दमट हवेतही असतं. या प्रत्येक ठिकाणाचा बंदोबस्त झाला की थंडी उरलेल्या इंजिनाचं फारसं काही बिघडवू शकत नाही.

आधी क्रम ठरवा

कामं तीच असतात, पण चुकीच्या क्रमाने केली तर एकच काम दोनदा करावं लागतं. आधी कूलिंगमध्ये अँटीफ्रीझ भरलं आणि मग ऑइल गरम करायला इंजिन सुरू केलं, तर भरलेलं सगळं एक्झॉस्टमधून बाहेर. म्हणून नियम साधा ठेवावा: या सगळ्या कामात इंजिन फक्त दोनदा सुरू करायचं.

पहिल्यांदा ते चालतं ते मोसमाच्या शेवटच्या फेरीत. त्याआधीच टाकीत डिझेलचं औषध (जंतुनाशक आणि स्टॅबिलायझर, पुढे सांगितलंय) घातलेलं असावं, म्हणजे ते डिझेल पंपापर्यंत आणि नोझलपर्यंत पोचतं. इंजिन लोडवर निदान अर्धा तास चालवून पूर्ण गरम करायचं. धक्क्याला बांधून न्यूट्रलमध्ये घुरघुरत ठेवलेलं डिझेल इंजिन नीट गरम होत नाही, हे लक्षात असू द्या. गरम असतानाच ऑइल काढायचं.

दुसऱ्यांदा ते चालतं ते नवं ऑइल, नवे फिल्टर, नवा कूलंट सगळं घालून झाल्यावर. या एका चालण्यात चार कामं होतात. डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहिलेली नाही हे कळतं, फिल्टरच्या सीलमधून गळती आहे का ते दिसतं, ताजं ऑइल बेअरिंगांपर्यंत पोचतं आणि बाहेरच्या पाण्याच्या मार्गातून आधी गोडं पाणी आणि मग अँटीफ्रीझ फिरवता येतं. ते झालं की चावी काढायची ती पुढच्या मोसमापर्यंत.

ऑइलचा ग्रेड, कूलंटचा प्रकार, नट आवळण्याचा टॉर्क या बाबतीत इंजिनाचं मॅन्युअल शेवटचा शब्द. इथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत.

डिझेल आणि टाकी

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारा भाग हाच. इंजेक्शन पंप आणि नोझलमधले भाग अतिशय बारीक मापात बसवलेले असतात आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथे पाण्याचा थेंब पोचला की गंज चढतो, आणि गंजलेला पंप दुरुस्त करायचा खर्च एका हंगामाच्या सगळ्या देखभालीपेक्षा जास्त होऊ शकतो.

टाकीत पाणी कुठून येतं? बाष्प थंड होऊन टाकीच्या भिंतींवर थेंब धरतात, हे खरं. म्हणून टाकी भरून ठेवावी म्हणतात: ९० ते ९५ टक्के, वर फुगायला थोडी जागा सोडून. पण टाकीत खूप पाणी सापडलं तर नुसत्या बाष्पावर खापर फोडू नका. आधी डेकवरच्या झाकणाची ओ-रिंग तपासा. ती कडक झालेली, चिरलेली असेल तर पावसाचं आणि डेक धुतलेलं पाणी सरळ टाकीत उतरतं. एवढीशी रबराची रिंग, पण हिवाळ्यापूर्वी बदलायच्या गोष्टींत ती मी फार वर ठेवतो. टाकीच्या व्हेंटचं तोंडही पाहून घ्यावं.

टाकीला तळाशी ड्रेन असेल तर तो उघडून पारदर्शक बरणीत थोडं डिझेल घ्यावं. ड्रेन नसेल तर बारीक नळी तळापर्यंत सोडून हातपंपाने ओढावं. बोट निदान एक रात्र न हलता उभी राहिल्यानंतर हे करावं, म्हणजे पाणी आणि गाळ खाली बसलेला असतो. बरणी तासभर तशीच ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. डिझेल आणि पाण्याच्या मधोमध तपकिरी-काळा, शेवाळासारखा बुळबुळीत पडदा दिसला तर टाकीत जंतूंनी घर केलंय. बुरशी आणि जिवाणू पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे वाढतात, डिझेलवर जगतात आणि आम्ल सोडतात. बायोडिझेल मिसळलेलं डिझेल जास्त पाणी धरून ठेवतं, साठवणीत लवकर खराबही होतं, त्यामुळे त्यात हा त्रास अधिक.

यावर मिळणाऱ्या जंतुनाशक औषधाचे दोन डोस असतात: एक नेहमीचा, प्रतिबंधाचा, दुसरा जबर, लागण झाल्यावरचा. टाकी स्वच्छ असेल तर पहिला पुरतो. टाकीत आधीच चिकट गाळ असेल तर नुसतं औषध ओतून सुटका नाही. मेलेले जंतू सुटे होऊन फिल्टरमध्ये येतात आणि इंजिन ऐन लोडवर बंद पडतं. अशा वेळी टाकी उघडून, घासून, डिझेल गाळून घेणं हाच उपाय. औषध हाताळताना हातमोजे घाला. जंतू मारणारं द्रव्य कातडीलाही सोसत नाही. डिझेल टिकाऊ ठेवणारं स्टॅबिलायझर वेगळं असतं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, दोन्ही लागतात. आणि घालायचं ते टाकी भरण्याआधी, म्हणजे वरून पडणाऱ्या डिझेलने ते आपोआप ढवळलं जातं.

कडक थंडीत उन्हाळी डिझेलमधलं मेण बाहेर पडून ते गढूळ, घट्ट होतं. हिवाळाभर इंजिन सुरूच करायचं नसेल तर त्याची फिकीर नको; ऊब आली की मेण पुन्हा विरघळतं. पण बोट ऐन थंडीत हलवावी लागण्याची शक्यता असेल तर शेवटची भरणी हिवाळी डिझेलचीच करावी.

आता फिल्टर. टाकीजवळचा पहिला फिल्टर, ज्याच्या खाली पाणी साठण्याची वाटी असते, तो साधारण १० ते ३० मायक्रॉनचा असतो. इंजिनावरचा दुसरा त्याहून बराच बारीक. दोन्ही बदलायचे. वाटीतलं पाणी आधी सोडून द्या आणि काढलेला फिल्टर फेकण्याआधी उलगडून पाहा. काळा चिकट थर असेल तर वरच्या जंतुनाशकाच्या परिच्छेदाकडे परत जा. नवा दुसरा फिल्टर डब्यातल्या न गाळलेल्या डिझेलने भरून बसवू नये, कारण त्यातला कचरा थेट पंपाकडे जातो. तो हातपंपाने, पहिल्या फिल्टरमधून आलेल्या डिझेलनेच भरावा. लाइनमधली एअर काढताना टाकीकडून पंपाकडे सरकत जायचं, एकेक स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा आणि शक्य असेल तर तांब्याचे वॉशर नवे घालायचे.

इथे एक गंभीर इशारा. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) दाब १००० बारच्या वर जातो. त्या इंजिनाच्या हाय-प्रेशर नळ्यांचे नट जुन्या पद्धतीने सैल करून एअर काढायला जाऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो आणि बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या त्या जखमेला तातडीची शस्त्रक्रिया लागते.

गरम इंजिनाचं ऑइल

ऑइल आत्ताच बदलायचं, मोसम उघडताना बदलू म्हणून ठेवायचं नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं, काजळी आणि पाण्याचा अंश असतो. असं ऑइल बेअरिंगांवर महिनोन् महिने बसून राहिलं तर त्यांचा गुळगुळीत पृष्ठभाग कुरतडला जातो. मोसमात थोडेच तास इंजिन चाललं असलं तरी हा नियम लागू आहे. थोडं थोडं, अर्धवट गरम करून चालवलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पाणी उलट जास्त साठतं.

बोटीत ऑइल चेंबरच्या खाली भांडं सरकवायला सहसा जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून काढतात. ऑइल गरम असेल तर भरभर येतं आणि गाळ सोबत घेऊन येतं. काढलेलं ऑइल पाहा. काळं असणं डिझेल इंजिनात नेहमीचंच. दुधाळ किंवा राखाडी असेल तर पाणी किंवा कूलंट शिरतोय: हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा एक्झॉस्टच्या बाजूने. बोटांत चोळल्यावर पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर एखादं नोझल गळतंय किंवा पंपाचं सील गेलंय. प्रयोगशाळेत ऑइल तपासून घ्यायचं असेल तर नमुना निम्मं ऑइल निघाल्यावर घ्यावा. अहवालात सोडियम वाढलेलं दिसलं तर समुद्राचं पाणी किंवा कूलंट यांपैकी काहीतरी आत जातंय. अशी दुरुस्ती हिवाळ्यात निवांत होते. मोसम तोंडावर आल्यावर मेकॅनिक हाती लागत नाही.

ऑइल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की सुरू करताक्षणी सगळं ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत.

गिअरबॉक्सचं ऑइलही याच वेळी. तिथे दुधाळ रंग दिसला तर ऑइल कूलर फुटल्याची किंवा शाफ्टचं सील गेल्याची शंका घ्या. सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून सरळ खाली पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा गिअरचा पाय) असेल तर त्याचं ऑइल बहुधा बोट पाण्याबाहेर काढल्यावरच बदलता येतं. ते पाणीमिश्रित ऑइल तसंच राहिलं तर खालचे गिअर आणि बेअरिंगं गंजतात.

आतलं बंद सर्किट

हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनात कूलंटचं सर्किट बंद असतं आणि त्यात अँटीफ्रीझ असतंच, असं आपण धरून चालतो. मोजून बघा. वर्षभर साधं पाणी टाकत टाकत त्याची ताकद कधी उतरली ते कळतही नाही. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं की जास्त संरक्षण, असं मात्र नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, शिवाय उष्णताही कमी वाहून नेतं. पाणी डिस्टिल्ड वापरावं.

गोठण्याइतकंच महत्त्व गंजरोधक द्रव्यांना आहे आणि ती आधी संपतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटची साधारण दोन वर्षं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या कूलंटची पाच वर्षं धरतात. रंग पाहून कूलंट ओळखू नका. रंगाला काही नियम नाही, आणि दोन प्रकार मिसळले तर जेलीसारखा साका धरू शकतो. इंजिनाच्या कूलंटवर चालणारी गरम पाण्याची टाकी बोटीत असेल तर तिच्या गुंडाळीतही तेच कूलंट फिरतं, हे भरताना विसरू नये. त्या टाकीचं अंघोळीच्या पाण्याचं अंग मात्र वेगळं. ते स्वतंत्रपणे रिकामं करावं लागतं.

बाहेरच्या पाण्याचा मार्ग

सीकॉकपासून (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारी झडप) गाळणी, पंप, गिअर ऑइल कूलर, असल्यास आफ्टरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्ट एल्बो (जिथे पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं तो वाकडा तुकडा), वॉटरलॉक आणि शेवटी बोटीबाहेर: हा बाहेरच्या पाण्याचा प्रवास. नुकसान बहुतेक इथेच होतं, म्हणून इथे सावकाश काम करावं.

बोट पाण्यात असेल तर सीकॉक बंद करून नळी सीकॉकवरून काढा आणि एका मोठ्या बादलीत सोडा. बाहेर काढलेली असेल तरी पद्धत तीच. बादलीत पाण्याचा पाइप सोडून ठेवायचा आणि इंजिनाला हवं तेवढं त्याने स्वतः ओढायचं. नळाचा पाइप सरळ इंजिनाला जोडणं धोक्याचं आहे. इंजिन बंद असताना दाबाने आलेलं पाणी वॉटरलॉक भरतं आणि मागे सरकत एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरात उतरतं. पाणी दाबलं जात नाही; मग सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिनाचं कंपार्टमेंट उघडं ठेवा, हवा खेळती ठेवा. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत जीव घेतो. इंजिन सुरू करा आणि निदान १०-१५ मिनिटं गोडं पाणी फिरू द्या. मीठ धुऊन जाणं हा एक फायदा. शिवाय तेवढ्या वेळात इंजिन गरम होऊन आतला नवा कूलंटही मिसळतो. बादली कोरडी पडू देऊ नका. पंपातला रबरी इम्पेलर पाण्यावाचून फार थोड्या वेळात जळतो.

मग पाणी बंद करून बादलीत अँटीफ्रीझ. इथे प्रोपिलीन ग्लायकॉलचंच वापरावं, कारण हे द्रव्य शेवटी बाहेर पडणार आहे. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोडसर चवीमुळे जनावरं ते चाटतात. प्रोपिलीन असलं तरी एक्झॉस्टखाली बादली धरून जमवलेलं बरं. डब्यावर लिहिलेला उणे तापमानाचा आकडा नीट वाचा. पुष्कळ तयार मिश्रणांवर दिलेला आकडा नळ्या फुटू नयेत याचा असतो; ते द्रव्य त्याच्या खूप आधी, उणे १०-१२ अंशांच्या आसपासच, बर्फाच्या लगद्यासारखं होऊ लागतं. त्यात इंजिनातलं उरलेलं पाणी मिसळलं की ताकद आणखी घटते. म्हणून आधी गाळणी आणि ज्या ज्या नळ्या रिकाम्या करता येतील त्या करून घ्याव्यात, आणि एक्झॉस्टमधून रंगीत पाणी दिसलं म्हणून लगेच थांबू नये. बाहेर पडणारा नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर (अँटीफ्रीझची ताकद दाखवणारं मीटर) पाहावा. मीटरवर एथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. चुकीची पट्टी वाचली तर आकडा फसवतो. लहान इंजिनाला ८-१० लिटर पुरतात, मोठ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतात. आफ्टरकूलर आणि मोठे कूलर असलेल्या इंजिनात हात आखडता घेऊ नये. ताकद पुरेशी दिसली की बादली रिकामी व्हायच्या आत इंजिन बंद.

हीट एक्स्चेंजर नसलेल्या, म्हणजे बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट (तापमान वाढल्यावर उघडणारी झडप) बंद असतो. अँटीफ्रीझ बायपासने निघून जातं आणि ब्लॉकमध्ये साधं पाणी तसंच उरतं. बाहेर छान रंगीत द्रव्य येतं आणि मालक समाधानाने घरी जातो. अशा इंजिनात थर्मोस्टॅट काढून ठेवावा, किंवा तो उघडेपर्यंत इंजिन गरम करावं, आणि ब्लॉकचे ड्रेन प्लग उघडून पाहावं. प्लग उघडला आणि काहीच आलं नाही तर खूश होऊ नका. आत तार घालून खरवडा. गंजाच्या पापुद्र्यांनी भोक बुजलेलं असतं आणि मागे पाणी उभं असतं.

आता इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही

इम्पेलर काढा. त्याची पाती एका बाजूला वाकून बसलेली असतात. महिनोन् महिने तशीच राहिली तर तोच बाक धरतात. पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असणार. तो शोधून काढल्याशिवाय पुढच्या मोसमात इंजिन तापण्याचं कोडं सुटत नाही. पंपाचं झाकण सैल लावून ठेवा आणि इम्पेलर चावीलाच बांधा. त्याहून चांगली आठवण नाही.

हीट एक्स्चेंजरमधली झिंकची पेन्सिल (बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारी कांडी) निम्म्याहून कमी उरली असेल तर बदला. वॉटरलॉकचा तळाचा प्लग उघडून त्यातलं द्रव्य काढून टाका. बाहेरचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून असलेली अँटी-सायफन झडप गोड्या पाण्याने धुवा. मिठाने चिकटलेली ही झडप इंजिनात समुद्र घेऊन येऊ शकते. एक्झॉस्ट एल्बो काही वर्षांत उघडलेला नसेल तर हीच वेळ. तो आतून काजळीने बुजतो आणि गंजाने पातळ होतो, बाहेरून मात्र रंग शाबूत असतो.

सीकॉकबद्दल: बोट पाण्यात राहणार असेल तर बंद, जमिनीवर असेल तर उघडे. बॉल व्हॉल्व्ह असतील तर थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. बंद केलेल्या गोळ्याच्या पोटात पाणी अडकतं आणि गोठून झडपेचं अंग फोडतं. जमिनीवर ते अर्धवट उघडे ठेवले की गोळ्याभोवतीचंही पाणी निथळतं.

सिलिंडरांत संरक्षक ऑइल फवारावं का, यावर मतं वेगळी आहेत. एका हिवाळ्यासाठी, कोरड्या जागी, मला त्याची फार गरज वाटत नाही. दमट जागी किंवा वर्षभर उभं राहणार असेल तर जरूर करावं. पण चालत्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात ऑइल फवारू नका. डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं आणि आवर घालता येणार नाही असं सुसाट पळतं. स्टॉप (डिझेल तोडणारी दांडी) ओढून ठेवायचा, अगदी थोडं ऑइल टाकायचं आणि इंजिन हाताने किंवा सेल्फच्या एक-दोन झटक्यांत फिरवायचं. काही उत्पादक लांबच्या साठवणीसाठी शेवटची काही मिनिटं संरक्षक ऑइल मिसळलेल्या डिझेलवर, वेगळ्या डब्यातून, इंजिन चालवायला सांगतात. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तेच करा.

इंजिन थंड झालं की हवेचं तोंड आणि एक्झॉस्टचं तोंड ऑइलच्या फडक्याने किंवा प्लास्टिकने बंद करा आणि तशी ठळक चिठ्ठी स्टार्टरच्या बटणावर चिकटवा. बेल्ट सैल करा. इंजिन पुसून काढा, कारण स्वच्छ रंगावर पुढची गळती लगेच दिसते. वायरिंगच्या जोडांवर ओल हटवणारा स्प्रे मारा, थ्रॉटल आणि गिअरच्या केबलला ग्रीस द्या.

दोन इंजिनं असतील तर सगळं दुप्पट, पण सोबत करायचं नाही. एक पूर्ण करावं, मग दुसऱ्याला हात लावावा. नाहीतर कुठल्या इंजिनाचा कुठला फिल्टर बदलला याचा गोंधळ ठरलेला. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा. काही बोटींत दोन इंजिनांचे पंप उलट दिशांना फिरतात, तेव्हा इम्पेलर बसवताना पाती कुठल्या बाजूला वाकवायची ते काढतानाच फोटो घेऊन ठेवा. आणि बोटीत जनरेटर असेल तर तेही डिझेल इंजिनच आहे. कोपऱ्यात पेटीत बंद असल्याने ते हमखास राहून जातं.

बॅटरी

पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेली उणे १० च्या अलीकडेच गोठून फुटू शकते. तेव्हा चार्ज पूर्ण करा, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढा, आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहा. १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ पर्यंत आली की पुन्हा चार्ज. थंडीत बॅटरी स्वतःहून हळू उतरते, म्हणून गरम खोलीत आणून ठेवायची गरज नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचे नियम उलटे: ती निम्म्या चार्जवर ठेवायची आणि शून्याखाली कधीही चार्ज करायची नाही.

हिवाळाभर आणि त्यानंतर

अधूनमधून बोटीवर जाऊन बिल्ज, आवरण आणि हवा खेळण्याची भोकं पाहावीत. इंजिन मात्र "जरा फिरवून ठेवू" म्हणून दहा मिनिटं चालवू नये. ते गरम होत नाही, ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि बाहेरच्या पाण्याच्या मार्गात भरलेलं अँटीफ्रीझही निघून जातं.

मोसम उघडताना सगळं उलट्या क्रमाने. एक्झॉस्ट आणि हवेच्या तोंडातली फडकी काढा. इम्पेलर ग्लिसरीन किंवा साबणाच्या पाण्याने ओला करून बसवा. ग्रीस आणि ऑइल रबराला मानवत नाही. वॉटरलॉकचा प्लग आणि ब्लॉकचे प्लग जागेवर आहेत ना ते पाहा, बेल्ट ताणा, नळ्यांच्या क्लिपा आवळा, पहिल्या फिल्टरची वाटी पाहून पाणी सोडा. मग स्टॉप ओढून, सीकॉक बंद ठेवून, सेल्फ थोडा वेळ फिरवा म्हणजे ऑइलचा दाब आधी उभा राहतो. हे फार वेळ करू नका आणि स्टार्टरला मधे विश्रांती द्या. सीकॉक उघडा, इंजिन सुरू करा आणि एक्झॉस्टकडे बघा. अर्ध्या मिनिटात पाणी आलं नाही तर बंद करा आणि पंपाचं झाकण, गाळणी आणि सीकॉक याच क्रमाने तपासा. पाणी नीट येत असेल तर इंजिन गरम होईतो कंपार्टमेंटमध्ये टॉर्च घेऊन थांबा, एकेक जोड कोरड्या कागदाने पुसत जा, आणि पहिल्या काही तासांच्या वापरानंतर बेल्टचा ताण आणि कूलंटची पातळी पुन्हा एकदा पाहून घ्या.